बाटली भरून वाहिली तेव्हा…



आज तुम्हांला माझी एक फजिती सांगणार आहे. मोठ्या माणसांना स्वतःची फजिती सांगायला आवडत नाही. पण हिच्यातून मी जे शिकलो, ते तुमच्याही उपयोगाचं आहे. म्हणून सांगतो. हसायचं असेल तर खुशाल हसा!

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या या सदरात मी पर्जन्यमापक कसा करायचा ते लिहिलं होतं. आठवतंय ना? सरळ अंगाची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची. वरचा निमुळता भाग आईबाबांकडून कापून घ्यायचा. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून आत थोडे खडे टाकायचे आणि सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी ओतायचं. ती झाली शून्याची खूण. तिथून वर कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी चिकटवायची. झाला पर्जन्यमापक! उघड्या जागी ठेवायचा, रोज सकाळी साडेआठला पाणी किती चढलं ते पाहायचं, वहीत लिहायचं आणि पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणून ठेवायचं. साडेआठच का? तर आपल्या देशाचं हवामान खातंसुद्धा चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं.

लेख छापून आला. बऱ्याच मुलांची पत्रं आली. मी खूश! आणि मग जुलैमध्ये गगनबावड्याहून एक पत्र आलं. तिथल्या एका शाळेत माझे एक स्नेही शिक्षक आहेत. पत्रात दोनच ओळी होत्या. तुमचं यंत्र आमच्याकडे चालत नाही. वेळ काढून या आणि मुलांशी तुम्हीच बोला.

झालं! मी पिशवीत छत्री टाकली आणि निघालो.

गगनबावडा कुठे आहे माहीत आहे का? कोल्हापूरपासून पश्चिमेला साधारण ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या अगदी काठावर. लोकसंख्येनं जिल्ह्यातला सगळ्यांत लहान तालुका. गाव संपलं की जमीनच संपते म्हणा ना! तिथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट खाली कोकणात उतरतात. डोक्यावर गगनगड उभा. उन्हाळ्यात गेलात तर गडावरून खालचं कोकण दिसतं. मी गेलो जुलैत. मला एस.टी.च्या काचेतून पुढचा रस्तासुद्धा धड दिसत नव्हता. साळवण सोडलं आणि धुकं असं दाटलं, की ड्रायव्हरकाकांनी भरदिवसा गाडीचे दिवे लावले. पाऊस तर विचारूच नका. माझी छत्री स्टँडवरच उलटी झाली. शेजारून एक आजी डोक्यावर इरलं घेऊन शांतपणे चालल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “छत्रीचं काम न्हाई हितं, बाबा!”

तेव्हाच मला थोडं कळायला हवं होतं. छत्री जिथं चालत नाही, तिथं माझी बाटली काय चालणार?

शाळेत पोचलो. सहावीची मुलं वाटच बघत होती. मैदानात चौथऱ्यावर बाटली ठेवलेली होती. नीट कापलेली, पट्टी चिकटवलेली. माझ्या लेखाबरहुकूम. आणि बाटली काठोकाठ भरून वाहत होती.

“काका,” एक मुलगा म्हणाला, “तुमची बाटली लई बारकी हाय. रातीतच भरती!”

सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण कान लाल झाले. पट्टी १५ सेंटिमीटरची, म्हणजे १५० मिलिमीटर. माझ्या गावी एका दिवसात १५० मिलिमीटर पाऊस पडला, तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी येईल. गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. जोराच्या दिवसांत दीडशेची पट्टी सहज बुडून जाते. लेख लिहिताना मी माझ्या गॅलरीतल्या पावसाचाच विचार केला होता. गगनबावड्याच्या मुलाचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

चूक माझी होती. पण खरी गंमत पुढेच आहे. मुलांची वही बघायला मागितली. त्या दिवसाच्या रकान्यात काय लिहायचं, यावर वर्गात जोरदार भांडण झालेलं होतं.

एक गट म्हणत होता, “१५० लिहा. पट्टीवर तेवढंच हाय.”

दुसरा गट म्हणत होता, “रकाना मोकळा सोडा. मोजता आलं न्हाई तर लिवायचंच कशाला?”

तिसरा गट जास्त हुशार. “तहसील कचेरीत पाऊस मोजत्यात. तिथला आकडा आणू आणि आपला म्हणून लिहू!”

आणि मागच्या बाकावर बसलेली एक मुलगी, जी तोवर गप्प होती, ती म्हणाली, “सर, ‘१५० पेक्षा जास्त, बाटली भरून वाहिली’ असं लिवलं तर?”

दोस्तांनो, तुम्ही त्या वर्गात असता, तर काय लिहिलं असतं? पुढे वाचण्याआधी क्षणभर थांबा आणि ठरवा. खरंच थांबा हं!

ठरलं? आता एकेक तपासू. १५० लिहिलं, तर ते खोटं. पाऊस त्याहून जास्त पडला होता, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. रकाना मोकळा सोडला, तर वर्षाअखेरीस बेरीज करताना काय वाटेल? त्या दिवशी मोजायला कोणी गेलंच नाही! म्हणजे सगळ्यांत जास्त पावसाचा दिवसच हिशेबातून गायब. कचेरीतला आकडा आपला म्हणून लिहिला, तर ती नक्कल. ‘कचेरीतला आकडा’ असं स्पष्ट लिहून शेजारी ठेवला, तर मात्र चालेल. आणि त्या मुलीनं सुचवलेलं वाक्य? त्यात पूर्ण आकडा नाही. पण जेवढं दिसलं तेवढं सगळं आहे आणि न दिसलेलं काहीच नाही. शास्त्रज्ञ याला निरीक्षण म्हणतात.

मला एकदम माझी शाळा आठवली. आमचं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर. पाणी किती अंशांना उकळतं, हा प्रयोग होता. माझ्या तापमापीत पारा ९८ वर जाऊन थांबला. कितीही वेळ उकळलं तरी ९८! मी वहीत ९८ लिहिलं. सरांनी लाल पेनानं खोडून १०० केलं. म्हणाले, “पुस्तकात काय आहे? शंभर. मग?” मी पुढच्या सगळ्या प्रयोगांत आधी पुस्तकात बघायचो, तेच निरीक्षणात लिहायचो आणि मग प्रयोग करायचो. कधी कधी तर करायचोच नाही! मार्क चांगले पडायचे.

पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं, की उंचावर हवेचा दाब कमी असतो आणि पाणी लवकर उकळतं. साधारण दर तीनशे मीटरला एक अंश कमी. म्हणजे आमच्या गावात पाणी ९८ च्या आसपासच उकळायला हवं होतं! तापमापीही अर्धा-एक अंश चुकू शकते, म्हणून तेवढ्यानं मी बरोबर होतो असं सिद्ध होत नाही. पण सरांनी ‘९८ का आलं असेल?’ असं विचारलं असतं, तर सहावीतच आम्हांला हवेच्या दाबाची गाठ पडली असती. तो लाल पेनाचा शंभर मला अजून टोचतो.

आता तुम्ही म्हणाल, काका, मग पुस्तकं असं का नाही सांगत? प्रश्न चांगला आहे. आणि त्याचं उत्तर शोधायला काही माणसं पन्नास वर्षांपूर्वी कामाला लागली होती. त्यांची गोष्ट तुम्हांला माहीत असायलाच हवी.

मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी होशंगाबाद नावाचा जिल्हा आहे. २०२२ पासून त्याचं नाव नर्मदापुरम झालंय. तिथे १९७२ साली दोन स्वयंसेवी संस्थांनी सरकारची परवानगी घेऊन १६ शाळांत एक उद्योग सुरू केला. रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर ही एक संस्था आणि किशोर भारती ही दुसरी. किशोर भारती सुरू करणारे डॉ. अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ. मोठी प्रयोगशाळा सोडून ते खेड्यात आले होते. पुढे दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक येऊन मिळाले. गावोगावचे शिक्षक तर होतेच. सगळ्यांचं म्हणणं एकच : सहावी ते आठवीच्या मुलांनी विज्ञान पाठ करायचं नाही, करून शिकायचं.

म्हणायला सोपं! पण त्यासाठी नवी पुस्तकं लागतात. ती त्यांनी लिहिली. पुस्तकाचं नाव ‘बाल वैज्ञानिक’. हे पुस्तक उघडलंत, तर चक्रावून जाल. त्यात उत्तरं जवळजवळ नाहीतच! हे करून बघा, काय दिसलं ते लिहा, असं का झालं असेल त्यावर चर्चा करा, असंच सगळं. उत्तर मुलांनी स्वतःच्या वहीत लिहायचं. चार-चार मुलांची टोळी करून प्रयोग करायचा. साहित्य कुठलं? आसपास मिळणारं आणि स्वस्त. काचेचं महागडं सामान फुटलं तर काय, या भीतीनं ते कपाटात कुलूपबंद ठेवण्यापेक्षा हे बरं.

आणि आता कान टवकारा. परीक्षेत पुस्तक आणि वही उघडायला परवानगी होती! खरंच सांगतोय. कारण प्रश्नच असे असायचे, की त्यांची उत्तरं पुस्तकात सापडायची नाहीत. शिवाय प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवायची वेगळी परीक्षा. कॉपी करणार तरी कशाची?

मुलांच्या डोक्यात शेकडो प्रश्न यायचे. त्यासाठी ‘सवालीराम’ नावाचं एक पात्र तयार केलं होतं. मुलांनी सवालीरामला पत्र लिहायचं आणि सवालीरामकडून पत्रानं उत्तर यायचं. सवालीराम नावाचा कुणी एक माणूस नव्हताच. प्रश्न बघून जाणकार मंडळी उत्तर शोधायची आणि सही मात्र सवालीरामची!

पण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती त्यांची पुस्तक लिहायची पद्धत. शहाण्यासुरत्या मंडळींनी खोलीत बसून धडा लिहिला आणि दिला छापायला, असं ते करत नव्हते. धडा आधी वर्गात करून बघायचे. उन्हाळ्यात शिक्षकांचं शिबिर भरायचं. तिथे शिक्षक स्वतः मुलांसारखे बसून प्रयोग करायचे. शाळा सुरू झाल्या, की दर महिन्याला शिक्षकांची बैठक. कुठे अडलं, कुठलं सामान चाललं नाही, मुलांनी काय विचारलं, सगळं तिथे मांडायचं. त्यावरून धडे बदलायचे. सहावीतल्या मुलाला प्रयोग जमला नाही, तर मुलगा ‘ढ’ ठरत नव्हता. आधी प्रयोगच तपासला जायचा.

कळलं ना, मी गगनबावड्याच्या वर्गात उभा राहून हे सगळं का आठवत होतो?

१९७८ मध्ये हा कार्यक्रम होशंगाबाद जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक-पूर्व शाळांत सुरू झाला. १९८२ साली हेच काम पुढे नेण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था निघाली. मग आणखी जिल्हे आले. शेकडो शाळांतली मुलं अशी शिकली. आणि २००२ मध्ये राज्य सरकारनं हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचं काम! तेव्हा पुष्कळ वाद झाले. शिक्षक, शास्त्रज्ञ, पालक यांनी खूप लिहिलं, खूप बोलले. पण शाळांत पुन्हा सगळ्या राज्यासारखी पुस्तकं आली.

वाईट वाटलं ना? मलाही वाटतं. पण गोष्ट तिथे संपली नाही. एकलव्य संस्था आजही काम करते आहे. आणि होशंगाबादहून निघालेली एक वाट तर थेट आपल्या पुण्यात आली.

झालं असं. पुण्याच्या टेल्को कारखान्यात अरविंद गुप्ता नावाचे तरुण इंजिनिअर होते, कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेले. १९७८ साली रजा काढून ते होशंगाबादला हे काम बघायला गेले. आठवड्याच्या बाजारात फिरताना त्यांच्या नजरेला पडली सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी. तिचे तुकडे करून त्यात काडेपेटीच्या काड्या खोवल्या, तर काय होईल? झाले सांधे! काड्या आणि नळ्या जोडून त्रिकोण, चौकोन, ठोकळे, घरं, काय वाट्टेल ते.

हे तर तुम्ही आत्ता करू शकता. गूल काढून टाकलेल्या काड्या घ्या. गूल मोठ्या माणसांकडूनच काढून घ्या हं. चार काड्यांचा चौकोन करा आणि तीन काड्यांचा त्रिकोण. दोन्ही कोपऱ्यांत धरून दाबा. चौकोन वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. आता घराबाहेर पडून विजेचा मोठा मनोरा किंवा पत्र्याच्या शेडचं छप्पर बघा. कुठला आकार जास्त दिसतो? तुमचं तुम्हीच ओळखा.

गुप्तासरांनी पुढे टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी केली, पुस्तकं लिहिली आणि सगळी सगळ्यांसाठी फुकट खुली करून दिली. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. तिच्या आवारात मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ आहे. तिथे त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका रजेतून केवढं झालं बघा!

चला, आता परत गगनबावड्याला. बाटली अजून वाहतेच आहे!

मी मुलांना म्हटलं, “माझा प्रयोग फसला. आता दुरुस्त तुम्ही करायचा. चार-चार जणांच्या टोळ्या करा.”

पहिली टोळी म्हणाली, उंच बाटली घ्या. पण तेवढी उंच आणि सरळ बाटली आणायची कुठून? आणि वाऱ्यानं ती पडणार.

दुसरी टोळी म्हणाली, दर तीन तासांनी मोजून रिकामी करायची आणि दिवसाची बेरीज करायची. छान! पण रात्री कोण उठणार? “सर उठतील,” असं एक जण म्हणाला. सरांनी डोळे मोठे केले.

तिसरी टोळी म्हणाली, बाटली डब्यात ठेवा. सांडलेलं पाणी डब्यात साठेल, ते नंतर मोजू. वा! सगळ्यांना पटलं. पण मागच्या बाकावरची ती मुलगी परत उठली. “डब्यात वरनं बी पाऊस पडंल की. मग बाटलीतनं सांडल्यालं कुठलं आणि वरनं पडल्यालं कुठलं?”

वर्ग गप्प. मीही गप्प. खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि छपराचा इतका आवाज होता, की ओरडूनच बोलावं लागत होतं. पाच मिनिटं गेली. मग एक मुलगा ओरडला, “डब्याला इरलं घालू या!”

आणि इरलं घातलंसुद्धा! कसं, ते नीट वाचा, म्हणजे तुम्हांलाही करता येईल.

बाटलीपेक्षा बुटका आणि चांगला रुंद डबा घ्यायचा. बाटलीत पट्टीवर जिथे १५ सेंटिमीटर येतात, तिथे एक भोक पाडायचं. बाटली डब्यात मधोमध उभी करायची. प्लॅस्टिकच्या कागदाला मधे गोल कापून तो बाटलीत वरून घालायचा आणि भोकाच्या वर घट्ट बांधायचा. कागदाच्या कडा डब्याच्या बाहेरून खाली सोडून सुतळीनं बांधायच्या. झालं डब्याचं इरलं! कागदावर पडणारा पाऊस उतारावरून बाहेर जातो. बाटलीत पडणारा पाऊस बाटलीत साठतो. १५० मिलिमीटरच्या वर गेला, की भोकातून इरल्याखाली, डब्यात. सकाळी बाटली आधी रिकामी करून शून्यावर आणायची, मग डब्यातलं पाणी तिच्यात ओतून मोजायचं आणि १५० मध्ये मिळवायचं. डबा वाऱ्यानं हलू नये म्हणून भोवती दगड लावायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला सगळा वर्ग भिजत चौथऱ्याभोवती उभा होता. बाटलीत १५०. डब्यातलं पाणी मोजलं, ६२. एकूण २१२ मिलिमीटर! त्या मुलीनं वहीत लिहिलं, तारीख घातली आणि खाली टीप लिहिली, ‘इरलंवाला डबा’. आदल्या दिवशीच्या रकान्यात मात्र ‘१५० पेक्षा जास्त, बाटली भरून वाहिली’ हे तसंच राहू दिलं. ते खोडायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग मी विचारलं, “२१२ मिलिमीटर म्हणजे किती पाणी?” एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी भरतं बरोबर एक लिटर. शाळेचं अंगण पावलांनी मोजलं, साधारण दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. म्हणजे शंभर चौरस मीटर. शंभर गुणिले २१२, म्हणजे २१,२०० लिटर! दहा-दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून वर उरेल इतकं पाणी, एका दिवसात, एका अंगणात. मुलांचे डोळे विस्फारले. “आणि उन्हाळ्यात आमी हंडा घेऊन झऱ्यावर जातो!” एक मुलगी म्हणाली. हे वाक्य कुठल्याच धड्यात नसतं. ते मापातून निघालं.

निघण्यापूर्वी सरांनी तहसील कचेरीतला आकडाही विचारला. तो २१२ नव्हता. थोडा वेगळा होता. मुलं खट्टू झाली. “म्हंजे आमचं चुकलं?” सर म्हणाले, “चुकलं का बरोबर ते नंतर बघू. वेगळा का आला असेल, ते आधी शोधा.” शाळेच्या बाजूला झाड होतं. चौथरा बुटका होता, थेंब उडून आत जात असतील. कचेरी आणि शाळा यांत अंतरही आहे. मुलांनी कारणांची यादी केली आणि चौथरा हलवायचा ठरवला. ते ऐकताना मला माझा ९८ आठवत होता. माझ्या वेळेला कुणी हा प्रश्न विचारला असता तर!

आता आईबाबांसाठी दोन शब्द. तुमचा मुलगा किंवा मुलगी घरी येऊन म्हणेल, ‘पुस्तकात असं आहे, पण मला तसं दिसलं.’ तेव्हा लगेच ‘पुस्तकात आहे तेच लिही, मार्क जातील’ असं म्हणू नका. परीक्षेत काय लिहायचं ते मुलांना बरोबर कळतं, त्याची काळजी नको. तुम्ही फक्त ‘कसं मोजलंस? परत मोजून बघू या का?’ एवढंच विचारा. पुन्हा मोजल्यावर मूल चुकलेलं निघेल, तर ते स्वतःच आपली चूक शोधेल. बरोबर निघालं, तर तुम्हांलाही काही नवीन कळेल. दोन्हीकडून फायदाच.

आणि मुलांनो, या आठवड्याचा उद्योग तुमच्यासाठी. पाऊस येईल तेव्हा एक रुंद पातेलं आणि एक अरुंद डबा, दोन्ही सरळ अंगाचे आणि सपाट तळाचे, शेजारी शेजारी उघड्यावर ठेवा. पाऊस थांबल्यावर पट्टीनं दोन्हींतल्या पाण्याची उंची मोजा. रुंद पातेल्यात पाणी जास्त चढेल, का डब्यात, का सारखंच? आधी अंदाज वहीत लिहा, मग मोजा. आणि अंदाज चुकला तर तो खोडू नका हं! शेजारी खरं माप लिहा आणि असं का झालं असेल ते लिहून कळवा. पाऊस नसेल, तर झारीनं पाऊस पाडा.

माझा पर्जन्यमापक तुमच्या गावी चालत नसेल, तर तेही कळवा. कोकणात राहत असाल, तर इरलंवाला डबा करून बघा. माणदेशात राहत असाल, तर तुमची अडचण उलटी असेल : एखाद-दोन मिलिमीटर पाऊस रुंद बाटलीत वाचायचा कसा? त्यावर उपाय मला माहीत आहे, पण सांगणार नाही. तुम्ही शोधा. चांगले उपाय पुढच्या महिन्यात याच पानावर छापू, आणि ज्यानं काढला त्याच्या नावानिशी. पर्जन्यमापकाचा तो लेख आता मी पुन्हा लिहिणार आहे. त्यात गगनबावड्याच्या सहावीचं इरलं असेलच. तुमचंही काही असू द्या.

तुमचा,
विज्ञानकाका